बसून घेतलेला राजाचा प्याला

लंडनजवळ, डेप्टफर्डच्या गोदीपाशी डॉर्कसबाईंचा गुत्ता होता. रंगमंचावर सात राजे केलेला मी म्हातारपणी तिथे बसून बिअरच्या दोन घोटांसाठी त्या राजांची भाषणं म्हणून दाखवायचो.

समोरच्या कोपऱ्यात कप्तान थर्केल बसे. कोळशाच्या गलबतावर खलाशी म्हणून सुरुवात. देशाला राजा नव्हता त्या अकरा वर्षांत युद्धनौकेचा कप्तान. राजा परतला तरी कप्तानच. लोकांना तेच खुपायचं. त्यात एकदा राजाच्या नावाने प्याले उचलले, सगळे उभे राहिले, आणि हा बसूनच प्याला.

"पाहिलंत?" डॉर्कसबाई माझ्या कानाशी लागल्या. "जुन्या राजाचं मुंडकं उडवणाऱ्यांचं मीठ खाल्लंय मेल्यानं. उठेल कसा?"

मलाही ते पटलं. त्याच लोकांनी आमची नाटकघरं बंद पाडली होती.

थर्केलला चाळीस तोफांचं नवं जहाज मिळायचं होतं. कुणीतरी आरमाराच्या कचेरीत निनावी चिठ्ठी धाडली आणि ते अडलं. चौकशीला तिथले पॉम्फ्रेटसाहेब आले. साक्षीदार म्हणून मला घेऊन ते थेट थर्केलच्या जुन्या जहाजावर गेले.

कप्तानाच्या खोलीत साहेबांनी स्वतः प्याले भरले. "बघू या आता. महाराजांच्या दीर्घायुष्यासाठी!" म्हणत ताडकन उठले, ते थेट वरच्या तुळईवर आदळले. केसांचा टोप उडून थर्केलच्या मांडीत पडला.

थर्केलने बसल्याबसल्या प्याला रिकामा केला आणि टोप अदबीने परत दिला. "तीस वर्षं या तुळयांखाली काढलीत, साहेब. हातात प्याला आला की बूड हलत नाही. जमिनीवरही तीच खोड."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" साहेब कपाळ चोळत ओरडले.

"विचारलं कुणी?"

जहाज त्याला मिळालं. डॉर्कसबाई त्याला 'कप्तानसाहेब' म्हणू लागल्या.

पुढच्या वसंतात गुत्त्याच्या माडीवर त्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण झालं. छत इतकं खाली, की मला टोपी काढून वाकावं लागलं. नवरीच्या नावाने प्याले उचलले, तर थर्केल सगळ्यांच्या आधी उभा! मान अलगद तिरकी, तुळईपासून बोटभर दूर. सफाईदार.

आमची नजरानजर झाली.

"काय बघताय, नटबुवा?"

"काही नाही, कप्तान. उभे छान राहता."

तो सावकाश खाली बसला. डॉर्कसबाईंनी मला कोपराने ढोसलं, "काय म्हणाला हो?"

"जेवण छान झालंय म्हणाला," मी म्हटलं. इतकं चोख काम करणाऱ्याचं बिंग मी आयुष्यात कधी फोडलं नाही.