जुमेरातीची बाग

बागेत पाचोळा आणि किस्से दोन्ही रोज साचतात. पाचोळा उचलायला माळी आहेत. किस्से मात्र आम्ही कचेरीतली माणसं चहाच्या कपाबरोबर एकमेकांच्या गळ्यात घालतो आणि घरी जातो. मी बिदरच्या या सरकारी बागेचा मुन्शी, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचले आहेत. त्यातले हे बहुतेक गेल्या सालचे, आणि सगळे जुमेरातीचे.

जुमेरात म्हणजे गुरुवार. त्या दिवशी दुपारनंतर बाग फक्त बायकांसाठी. एरवी ज्यांना अंगणाबाहेर चार पावलं मोकळं चालता येत नाही, त्या हवेलीतल्या बेगमा, बाजारातल्या शेटाण्या, खेड्यांतून तूप विकायला आलेल्या बाया, सगळ्या त्या दिवशी आत. पुरुष माणूस एकही नाही. माळीसुद्धा बाहेर.

पहिल्या वर्षी आमचा भीमण्णा माळी विहिरीच्या मोटेचे बैल आतच बांधून बाहेर आला. एका बाईने हरकत घेतली.

"सगळे गडी बाहेर, मग हे दोघं कामून आत?"

भीमण्णाने मुकाट्याने बैल सोडून आणले. तेव्हापासून जुमेरातीला बैलांनाही सुट्टी आहे. त्यांच्याकडून अजून तक्रार नाही.

*

दारावर बाईमाणूसच हवं, असा नियम. ते काम सुरुवातीपासून माझी बायको काशी करायची. संध्याकाळी घरी आली की सांगायची, "दारापासून हलले न्हाई बघा." दसऱ्यानंतर ती तापाने गेली.

तेरावं झाल्यावर मी कामावर आलो, तर बागेचे मोहतमीम साहेब, म्हणजे आमचे वरचे अधिकारी, स्वतः माझ्या टेबलापाशी आले. ते हैदराबादचे, माणूस मऊ. बराच वेळ दौतीच्या झाकणाची उघडझाप करीत बसले. मग म्हणाले, "मुन्शीजी, दरवाजे पे औरत नहीं, तो जनाना भी नहीं. मैं क्या करूँ?" शिमग्यापर्यंत कोणी मिळालं तर ठीक, नाहीतर जुमेरात बंद.

मी शोधायला लागलो. काशीची जागा भरायची म्हणून नव्हे. ती गेली म्हणून त्या बायकांची बागही जावी, हे मला बरं वाटेना.

*

पहिली नेमणूक निंगव्वाची. ही भीमण्णाची आई. इमानदार, खणखणीत आवाजाची आणि गावातल्या प्रत्येक घराची खबर असलेली. तिथेच घोळ झाला. ती कोणालाही विचारपूस केल्याशिवाय आत सोडीना.

"सून नांदायलीय का? आणि धाकटीचं जमलं का न्हाई? थांब की, पळायलीस कुठं?"

शेवटची बाई आत शिरली तेव्हा बाग बंद करायची घंटा झाली. दुसऱ्या जुमेरातीला बायकांनी रांगेतच डबे सोडून जेवण उरकलं.

*

मग चांदबी. ती बांगड्या विकायची. दारावर तिने एकाही माणसाला फिरकू दिलं नाही, पण टोपली सोबत आणली. महिन्याभरात गावातल्या सगळ्या मनगटांवर नव्या बांगड्या दिसू लागल्या, आणि गावातले सगळे नवरे बागेच्या नावाने बोटं मोडू लागले. एक शेटजी मला रस्त्यात अडवून म्हणाले, "मुन्शीजी, तुमच्या बागेत झाडं हायत का दुकानं?"

चांदबीला मी टोपली घरी ठेवायला सांगितली. तिने टोपली आणि चांदबी दोन्ही घरी ठेवल्या.

*

त्यानंतर भीमण्णाच पुढे झाला. "मुन्शीजी, मी बुरखा घेऊन बसतो. मिशा कुणाला दिसायल्यात?"

निंगव्वा शेजारीच पालापाचोळा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मिशा न्हाई दिसायच्या. बुरख्यातनं विडीचा धूर निघंल, तो दिसंल."

*

शिमगा आला. मोहतमीम साहेब टांग्यातून उतरले ते जुमेरात बंद करायचा निरोप घेऊनच. मुदत संपेपर्यंत म्हणून सोडलेल्या बायका आत होत्या. साहेबांची म्हातारी आईही आत होती. साहेब दाराबाहेर अदबीने उभे राहिले आणि निंगव्वाकरवी निरोप पाठवला, की अम्मीजाननी आता घरी चलावं, बाग बंद व्हायची आहे.

 मग भिंतीपलीकडून, आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू येईल असा अम्मीजानचाच आवाज आला, "बोलो, अम्मी यहाँ नईं हैं."

साहेबांनी टोपी सारखी केली. टांग्यात बसताना मला म्हणाले, "आंबे उतरेपर्यंत बघा."

*

आंबेही उतरले. शेवटच्या जुमेरातीला मी कुलूप हातात घेऊन दारात उभा होतो. बायका जमल्या होत्या. साहेब टांग्यातच बसून होते.

तेवढ्यात जनवाड्याची रखमा आली. ही धनगराची. दसऱ्यालाच मेंढरं घेऊन तिचा तांडा दूर गेला होता, तो आत्ता परतला होता. डोक्यावरचं तुपाचं गाडगं उतरवत तिने विचारलं, "काशीअक्का कुठाय?"

 माझ्याकडे बघितल्यावर तिला कळलं.  गाडगं खाली ठेवून डोळे पुसत ती म्हणाली, "मग कुलूप कामून?"

"दार राखायला बाई नाही," मी म्हणालो. "काशी होती तोवर..."

"अक्का कुठं दार राखायची, अण्णा? ती आत येऊन लिंबाखाली पदर अंथरून निजायची. हप्त्यातून तेवढीच तिची झोप."

बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. त्यांना हे ठाऊक होतं. काशीचं नाव खराब होऊ नये म्हणून इतके महिने एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

"मग दारावर कोण असायचं?" मी विचारलं.

"तुम्ही की. रस्त्यापल्याडच्या मोरीच्या कट्ट्यावर, बागेकडं पाठ करून. दर जुमेरातीला बसायचे न्हाई व्हय? तुम्ही हायत म्हणूनच तर आम्ही बिनघोर आत जायचो."

मी पहारा म्हणून कधी बसलो नव्हतो. काशी तिथे दारावर असायची, म्हणून बसायचो, एवढंच.

टांग्यातून साहेब खाकरले. "मुन्शीजी, कचेरीला लिहा. दरवाज्यावर पूर्वीचाच बंदोबस्त कायम."

मी रस्ता ओलांडून मोरीवर जाऊन बसलो, बागेकडे पाठ करून. मागे दार उघडलं. बांगड्या, जोडवी, हसणं, कोणाला तरी मारलेली हाक, सगळं माझ्या पाठीमागून आत जाऊ लागलं. ते काशीच्या कडुलिंबापर्यंत पोचलं असावं, कारण एकदम आवाज खाली आले.

"हळू गं," कोणीतरी म्हणालं.