फाट्यावरचं दुकान

दादाचा दहावा होता. घाटावर पिंड मांडले होते, कावळा अजून शिवायचा होता, आणि श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी माईक लावला होता. आमच्याकडे तशी रीतच आहे.

गावचे पुढारी आप्पा उठले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "शिकल्याल्या पोरींनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. दुकान असतं तर पोरगा चालत घरी आला असता."

मागून कुणीतरी बोललं, "मेंढरामागची पोर बी.ए. झाली आन् भावाला खाल्लं."

मी मान खाली घातली. मला ते पटलं होतं.

दुकानासाठी बायकांचं मतदान झालं होतं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. चिठ्ठीवरची आडवी बाटली ओळखायला घरोघरी मीच शिकवलं. ज्या दादानं रोज गाडीवर एसटीपर्यंत सोडून मला शिरूरच्या कॉलेजात शिकवलं, तो निकालादिवशी म्हणाला, "ताये, आता मला लांब जावं लागंल गं." आम्ही सगळ्या हसलो.

तो खरंच जायला लागला. आठ किलोमीटर, शेजारच्या गावच्या हद्दीतल्या फाट्यावर. एकदा येताना रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. भर दुपारी.

आप्पांनी कागद पुढं केला. गावात दुकान पुन्हा चालू करायचा अर्ज. "पैली सही तुझी. भावासाठी कर."

मी उठून माईकपाशी गेले, पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. तेवढ्यात अर्जदाराचं नाव वाचलं. आप्पांचा मुलगा. दादाची मोडकी गाडी आणायला गेले, तेव्हा फाट्यावरच्या दुकानाच्या पाटीवर हेच नाव वाचलं होतं.

"आप्पा, गावातलं बंद झाल्यावर फाट्यावर दुकान कुणी टाकलं?"

माईक चालू होता. सगळ्या घाटानं ऐकलं.

"खाली बस," आप्पा म्हणाले.

मी बसले नाही. कागद पालथा केला आणि लिहिलं, फाट्यावरचं दुकानही बंद करा. पहिली सही माझी. अंगठ्यांसाठी त्यांनीच आणलेल्या शाईत आईनं अंगठा बुडवला.

आप्पांचं निम्मं खरं होतं, ते मी नाकारत नाही. आम्ही गावच्या हद्दीपाशी थांबलो आणि पुढचा रस्ता त्यांना मोकळा सोडला. आता फाट्याकडच्या बायकांच्या दारात मी रोज जाते. ते दुकान जिथं हलवतील, तिथं माझी आडवी बाटली जाईल.