शामरावचा टीपकागद

मोताळ्याच्या बसचा कंडक्टर बुलढाण्याला आमच्या कोर्टाच्या पायरीशी येऊन म्हणाला, “भाऊ, तुमचे शामराव गेले...” मला आधी आठवलं ते त्याचं गोदाम. आता ते चालवणार कोण?

शामराव माझा शाळेपासूनचा दोस्त. मोताळ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचा. हंगाम संपून जिन बंद पडलं की तिथल्या बायांच्या हाताला काम नसे, हे त्याच्या जिवाला लागलेलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. सगळ्यांनाच काहीतरी नवं करायचं होतं. याने ठरवलं, टाकाऊतून कागद करायचा. सुरुवात घरच्या पऱ्हाटीपासून. कापसाची ती वाळकी झाडं सोडा घालून दिवसभर उकळायची... आणि जळणही पऱ्हाटीचंच! सुमनवहिनी कडाडल्या, “एक भारा शिजवाले तीन भारे जाळून राह्यले तुम्ही. मी भाकर कशावर टाकू?” त्या दिवसापासून स्वारी जिनातली झाडलोट, रुईचा कचरा गोळा करू लागली. तो लवकर शिजे. जिनाच्या शेठने रिकामं गोदाम दिलं, पण अट घातली, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कागद दाखवा, नाहीतर गोदाम खाली करा.

आखाजीच्या तोंडावर पहिला ताव शेठसमोर आला. बायांनी लगदा कुटून, चाळणीवर पसरून, भिंतीवर वाळवलेला. मीही होतो. शेठने टाक टेकवला आणि शाई फुटली. अक्षर नाहीच, नुसता डाग. बाया खाली बघू लागल्या. शामराव डागाकडे बघतच राहिला... मग माझ्या पाठीत थाप घालून म्हणाला, “काऊन बे, तुमच्या कोर्टात शाई टिपाले काय वापरता?” गठ्ठा घेऊन मी बुलढाण्याला आलो. साहेबांनी सही टिपली आणि आणखी मागवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गोदाम चालू राहिलं. मी त्याला ‘मिलमालक’ म्हणून चिडवायचो. मनातून मात्र मला त्याचा फार अभिमान होता.

परवा मोताळ्याला गेलो, ते गोदामाला कुलूप असणार अशी मनाची तयारी करूनच. दार उघडं होतं. भिंतभर ताव, आणि सुमनवहिनी पदर खोचून, कोपरापर्यंत लगद्यात. म्हणाल्या, “बाया रोज दारात येऊन बसत होत्या, भाऊजी. त्यायले परत जा म्हणायले तोंडच होईना.” मला रडू आवरेना. आधारासाठी मी भिंतीकडे वळलो, तशा त्या ओरडल्या,

“रडा, पण भिंतीले टेकू नका. ताव ओले हायेत!”