समोर लीला, बाजूला वती

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, तरच सांगते. म्हणजे हसालच, पण निदान माझ्या तोंडावर नको.

हे गेले आणि वर्षभराने, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी डिझाइनच्या क्लासला जाऊ लागले. वर्गात सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची. सर जाता-येता सांगायचे, "नवीन आहात, एखादा गुरू गाठा." पोरांनी गुरू मोबाइलवर शोधले. मी शोधला मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर. नाना पेंटर! बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्यांच्या हातची. हल्ली ब्रश खाली ठेवला होता. "वय झालं" म्हणायचे.

त्याच सुमारास मला पहिलं काम मिळालं. यांचे मित्र सुधीरभाऊ आंब्याचे बागायतदार. त्यांना आईच्या नावाने 'लीलावती हापूस' असे खोके छापायचे होते. जमलं तर पुढची कामं मिळणार. फसलं तर 'वहिनींना तेवढाच विरंगुळा' असं म्हणायला सगळे मोकळे. आणि तेच तर मला नको होतं.

मी डिझाइन घेऊन गेले. नाजूक अक्षर, कोपऱ्यात एक आंबा, बाकी मोकळी जागा. नानांनी कागद नाकाला लावला. मग हातभर लांब धरला. मग उन्हाकडे केला. केवढी ही साधना! मी भारावून गेले.

"हे शिंचं नाव कुठाय?"

"हे काय, मधोमध."

"दिसत नाही गो पोरी. मोठं कर."

पोरी! आणि वर शिंचं! हे गेल्यापासून मला कोणी ओरडलं नव्हतं हो. सगळे हळू आवाजात बोलायचे, मी काहीही केलं तरी 'छान, छान'. मी जवळजवळ नाचतच घरी आले.

पुढच्या आठवड्यात अक्षर दुप्पट केलं. कागद पुन्हा नाकाला.

"मोठं कर."

मी वहीत लिहून ठेवलं : 'रिकाम्या जागेचा मोह सोडणे.'

"अजून मोठं. घाबरतेस कशाला? तुझं वय ते काय, शिकशील!"

आंबा गेला. त्याचं पान गेलं. फोन नंबर खोक्याच्या तळाला गेला, त्याच्यामागोमाग 'हापूस'ही गेला. तरी नाना म्हणाले, "मोठं कर." आता कुठे करू? शेवटी नाव कोपऱ्यावरून वळवलं. समोर 'लीला', बाजूला 'वती'.

"हां! आता काहीतरी दिसतंय," नाना म्हणाले. मी वाकून नमस्कार केला.

सुधीरभाऊंनी नमुना चारही बाजूंनी फिरवून पाहिला.

"वहिनी, हापूस कुठे गेला?"

"खाली आहे."

"खाली?"

"खोका उचलला की दिसतो."

"तुम्ही म्हणताय तर..."

दुसरं कोणी असतं, तर भाऊंनी तोच खोका फेकून मारला असता. मला कोण बोलणार?

खोके छापले, भरले, वाशीच्या बाजारात गेले. तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. "वहिनी, रागावू नका हं. तिकडून विचारतायत, 'वती' ही आंब्याची कुठली जात?"

मी खोका काखेत मारला आणि तडक नानांचं घर गाठलं. नाना काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते. मी अजून अंगणातच, तर ते तिथूनच ओरडले, "हे कोणत्या गाढवाने केलं?"

"मीच! तुम्हीच म्हणालात ना, मोठं कर, मोठं कर?"

पदर तोंडाला लावून काकू बाहेर आल्या. "अगो, मोतीबिंदू होता त्यांना! कोणाला कळू द्यायचे नाहीत, पेंटर ना! परवा ऑपरेशन झालं. मलाही सांगायचे, भाकरी मोठी कर, ताटात दिसत नाही."

मी मटकन पायरीवर बसले. नाना माझ्याकडे बघत होते. माझ्या पांढऱ्या केसांकडे.

"अगो... म्हणजे, अहो... मला वाटलं, पंचविशीतली पोर कोणीतरी. ताई, वर बसा ना तुम्ही. तसं चांगलंच केलंय हो."

झालं! वाशीकरांचं मी सोसलं होतं; हे 'चांगलंच केलंय' काही सोसवेना.

"नाना," मी म्हटलं, "मघाशी गाढव म्हणालात, तेच म्हणा. नाहीतर मी शिकू कोणाकडे?"

नानांनी माझ्या काखेतला खोका ओढून घेतला. मग तो माझ्या मांडीवर आपटून म्हणाले, "मग ऐक, गाढवे. आंबा विकायचाय की होडी?"

दोन दिवस त्यांच्या ओटीवर बसून नवं डिझाइन केलं. भाऊंनी उरलेल्या हंगामाचे खोके पुन्हा माझ्याकडेच दिले. "हापूस वर राहू दे!" एवढं मात्र चक्क ठणकावलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

छापायला देण्याआधी शेवटचं दाखवायला गेले, तर मलाच शंका आली. कागद जवळ घेतला, लांब धरला, उन्हाकडे केला.

"नाना, नाव जरा बारीक वाटतंय का हो? मोठं करू?"

नानांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अक्षर बरोबर आहे. तू डोळे तपासून घे, म्हातारे!"