आतोबांचा बसलेला आवाज

परळपासून लालबागपर्यंत आमच्या आतोबांइतका कमी बसलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. बसमध्ये कंडक्टर म्हणून त्यांनी उभं आयुष्य उभ्यानंच काढलं आणि निवृत्तीनंतरही खुर्ची त्यांना चावायचीच. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. माझ्या लग्नात पंगतीत बसायचं सोडून वाढप्यांच्या मागे "पुढे चला, पुढे चला" करत फिरले. आत्या म्हणायची, "अहो, टेका की जरा!" "टेकलो की पायांना मुंग्या येतात," हे उत्तर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या पानवाल्यालाही ऐकू जायचं.

गेल्या वर्षी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काही बसलं, ते म्हणजे हा आवाज. हळदीचं दूध झालं, काढे झाले. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन करायला लावला आणि आम्ही हादरलोच. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत जिथे वळते, तिथे फुगली होती आणि आवाजाची नस दाबत होती.

सर्जनबाईंनी नीट समजावलं. "काका, छाती उघडून करायचं तर हृदय थांबवावं लागेल. तुमच्या फुप्फुसांना ते झेपणार नाही. म्हणून फुगलेल्या जागी आतून अस्तरासारखी नळी बसवू. पण तिच्यामुळे डोक्याकडे आणि डाव्या हाताकडे जाणाऱ्या दोन वाहिन्यांची तोंडं झाकली जातील. त्यांना आधी मानेतून दुसरीकडून रक्त जोडून देऊ. चार दिवसांनी जांघेतून नळी आत नेऊ."

आतोबा अर्थात उभेच होते. "दोन्ही एकाच दिवशी उरका ना."

"नाही. आणि मधले दिवस शांत पडून राहायचं. बीपी चढलं तर फुटायची भीती आहे."

मानेचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी आतोबा सलाइनचा स्टँड धरून खाटेखाटेपाशी हिंडताना सापडले. सिस्टर कडाडली, तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कोण कधी उतरणार, एवढंच विचारत होतो." त्यानंतर पांघरुणाखाली पाय तेवढे चालत राहिले.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मात्र पाय थांबले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"भाच्या, उद्या मेंदूला झटका बसला आणि एका जागी पडून राहिलो तर रे?"

हा धोका बाईंनी आम्हालाही सांगितला होता. "मी फिरवीन तुम्हाला," म्हटलं.

"तुला नाही जमायचं. फार हळू चालतोस."

शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी डावा हात हलवला, मग दोन्ही पाय. आत्या तिथेच भिंतीला टेकून रडली.

नळी जागेवर आहे, सहा महिन्यांचा स्कॅनही चांगला आला. आवाज मात्र परतला नाही. आता ते बोलू लागले की आत्या मिक्सर बंद करते, हात पुसते आणि अगदी त्यांच्या तोंडाशी कान नेते. इतक्या वर्षांत तिला एवढं जवळ जाऊन ऐकताना मी पाहिलं नव्हतं. पुष्कळदा ते नुसतं "चहा टाक" एवढंच असतं.