बेड नंबर तीन गप्प झाला

दुपारी सव्वा वाजता बेड नंबर तीन गप्प झाला आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तासाभरापासून त्या खोलीत नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीचा नुसता कल्ला चालू होता. मतदान चार दिवसांवर आलं होतं. मी खुर्चीवर बसून नोंदी लिहीत होते. मनात म्हटलं, चला, नत्थूजींचा डोळा लागला, आता तासभर तरी शांतता.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये एकोणीस वर्षं हेच काम करते. किडन्या निकामी झाल्या की माणसाचं रक्त नळीने मशीनकडे आणायचं, धुवायचं आणि परत अंगात सोडायचं, एवढंच ते काम. एका खेपेला चार तास लागतात. पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो. वार ठरलेला, बेड ठरलेला, शेजारीही ठरलेला. हातात दोन जाड सुया असतात, त्यामुळे माणूस हलू शकत नाही. तोंड मात्र मोकळं असतं. चार तास मोकळं तोंड आणि समोर निवडणूक म्हटल्यावर काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे पाच मशीन आहेत. मंगळवारच्या दुपारच्या पाळीत बेड एकवर गुलाबरावजी असायचे, रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. ते कपाट चिन्हाचे, म्हणजे माजी नगराध्यक्षांच्या सूनबाईंचे कट्टर समर्थक. बेड दोनवर मालूबाई. जन्मभर अंगणवाडी चालवलेली बाई. त्या छत्रीवाल्या वकिलांच्या बाजूने. या दोघांच्या वादात तेल ओतायचं काम बेड तीनवरचे नत्थूजी करत. नत्थूजी अल्लीपूरचे. त्यांचं मत त्यांच्या गावात, आमच्या नगर परिषदेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. आज कपाटाची बाजू घेतील, गुरुवारी छत्रीची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ज्याले मत नाई, त्याले दोन्हीकून बोलता येते." चार आणि पाचवर दोन अबोल माणसं होती, ती फक्त ऐकत.

त्या दिवशी वादाचा विषय होता पाणी. गावात पंधरा दिवस नळाला पिवळं, वासाचं पाणी येत होतं. दोन्ही पक्षांनी त्यावरून रान उठवलं होतं. आणि त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला नळाला एकदम काचेसारखं पाणी आलं. फरशी पुसणाऱ्या बाईंनीही मला बादली दाखवली होती. गुलाबरावजी बेडवर आडवे व्हायच्या आधीच सुरू झाले की सूनबाईंनी पाणी साफ करून दाखवलं. मालूबाई म्हणाल्या, साफ वकिलांनी करवलं, काल टाकीवर ते स्वतः गेले होते. नत्थूजी म्हणाले, दोघंही खोटारडे आहेत.

माझी अडचण वेगळीच होती. गुलाबरावजींचं बीपी १९० झालं. असं बीपी चढलेलं असताना मी सुई लावत नाही. म्हणून त्यांना दटावलं, मालूबाईंना दटावलं, गुलाबरावजींना बेड पाचवर आणि पाचच्या माणसाला बेड एकवर हलवलं. मग मध्ये उभं राहून दोघांकडूनही कबूल करवून घेतलं की निकाल लागेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. यात वीस मिनिटं गेली. पाळीला उशीर झाला म्हणून मी आणि रेखा सिस्टरने भराभर पाचही मशीन सुरू केल्या. पण कबुलीला काय अर्थ असतो? मशीन फिरायला लागली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा तेच.

तर सव्वा वाजता नत्थूजी गप्प झाले. पाच मिनिटांनी मालूबाई एका वाक्याच्या मधोमध थांबल्या. छत्रीबद्दलच काहीतरी सांगत होत्या, ते अर्धवटच राहिलं. गुलाबरावजींनी उत्तर दिलं नाही. एरवी अर्धं वाक्य मिळालं तरी ते सोडायचे नाहीत. बाहेरून प्रचाराचा ऑटो गेला, कपाटाचं गाणं वाजवत. कुणी वर पाहिलं नाही.

मी मान वर केली. पाचही माणसं जागी होती. डोळे उघडे, नजर छताकडे.

मी नत्थूजींजवळ गेले. "काय झालं?"

"मॅडम, कमरेत कळ येऊन राह्यली," ते म्हणाले. "डोक्स जड वाटते."

डायलिसिसमध्ये पेशंटला कळ येते, डोकं दुखतं, हे रोजचंच. मी मशीनकडे पाहिलं. दिवा हिरवा. प्रेशर बरोबर, तापमान बरोबर. तेवढ्यात पाठीमागून मालूबाई म्हणाल्या, "मले बी कमरेत कळ येऊन राह्यली." मी वळले, तर चारवरचा माणूस, जो महिनोन् महिने बोलत नसे, तो हळूच म्हणाला, "मले बी." एकाच वेळी तिघांच्या कमरेत एकाच जागी कळ कशी येईल? आणि पाचही मशीनवरचे दिवे हिरवे. कुठेही अलार्म नाही. मशीनच्या मते त्या खोलीत सगळं उत्तम चाललं होतं.

मग मी नळी बघितली. रक्त नळीतून वाहतं तेव्हा गडद आणि दाट दिसतं, पलीकडचं काही दिसत नाही. नत्थूजींच्या नळीमागे मी बोट धरलं आणि मला माझं बोट दिसलं. रक्त जांभळट झालं होतं, कोकमच्या सरबतासारखं पातळ. मालूबाईंच्या नळीत तेच. चारवर तेच. रक्तातल्या पेशी फुटत होत्या. पाचही जणांचं रक्त आमच्या डोळ्यांसमोर, अगदी शांतपणे, खराब होत होतं.

पाच माणसं आणि पाचांमध्ये एकच गोष्ट सामाईक: पाणी. एका पेशंटच्या एका खेपेला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. नगर परिषदेचंच पाणी आम्ही घेतो, कोळशाच्या फिल्टरमधून आणि आरओमधून नेऊन वापरतो. पाण्यात क्लोरीन असतं, ते अडवायचं काम कोळशाचं. तुम्ही-आम्ही ते पितो तेव्हा पोट त्याचा बंदोबस्त करतं. डायलिसिसमध्ये मात्र पाणी आणि रक्त यांच्यात एक पातळ पडदा तेवढा असतो. पोट नाहीच. क्लोरीन शिरलं की पेशी फुटतात. मशीन क्लोरीन मोजत नाही. ते माणसाने मोजायचं असतं, प्रत्येक पाळीच्या आधी, कागदाची पट्टी पाण्यात बुडवून. दोन मिनिटांचं काम आहे.

"सगळ्यांचे पंप बंद कर," मी रेखाला सांगितलं. "नळ्यांना क्लॅम्प लाव. रक्त परत द्यायचं नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मशीन बंद करताना नळीतलं रक्त पेशंटला परत द्यायचं, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. इथे मात्र एकेका माणसाचं पावशेर रक्त फेकून द्यायचं होतं, आणि तेही ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे अशा माणसांचं. पण ते फुटलेलं रक्त अंगात गेलं तर हृदय थांबू शकतं. "पाचही जणांचं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. आणि नत्थूजींच्या नळीला पहिला क्लॅम्प लावला.

ड्युटी डॉक्टर वॉर्डातून धावत आले. ऑक्सिजन लावला, ईसीजी काढले. नत्थूजींचा ईसीजी पाहून त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्स मागवली. वर्ध्याला हलवायचं ठरलं. त्या गडबडीत मी पाण्याच्या खोलीत गेले आणि पट्टी बुडवली. क्षणात ती गडद जांभळी झाली. एवढा गडद रंग डबीवरच्या नमुन्यात शेवटच्या खणात होता.

शेजारीच रजिस्टर उघडं होतं. त्या दिवसाची तारीख, दुपारची पाळी, क्लोरीन: शून्य. पुढे माझी सही.

क्षणभर मला खरंच वाटलं की हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. अक्षर माझं, सही माझी, आणि मी तर पट्टी बुडवलीच नव्हती. मग आठवलं. सकाळी सहाला टेस्ट करताना मी दोन्ही पाळ्यांच्या चौकटी भरून ठेवत असे. एकोणीस वर्षांत दुपारचा आकडा कधी वेगळा आला नव्हता. दुपारी टेस्ट करायचे, पण लिहायचं काम सकाळीच उरकलेलं असायचं. त्या दिवशी टेस्टची वेळ झाली तेव्हा मी गुलाबरावजींना बेड पाचवर नेत होते. परत आले तर चौकट भरलेली होती. भरलेली चौकट माणसाला काही आठवू देत नाही.

संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या टाकीवरच्या माणसाला मी फोन केला. त्याने लपवाछपवी केली नाही. आदल्या दिवशी सूनबाईंचे लोक आले, म्हणाले पाणी साफ दिसलं पाहिजे, क्लोरीनची पावडर वाढव. तासाभराने वकील आले, त्यांनीही तेच सांगितलं.

"मंग दोघाईचं आयकलं?" मी विचारलं.

"कोन निवडून येईन मले काय मालूम, मॅडम? एकाचं आयकलं असतं तं दुसरा सोडत नसता."

म्हणून दुप्पट. आधीच्या घाण पाण्यात ते क्लोरीन मिसळलं आणि आमचा जुना कोळसा त्याला पुरा पडला नाही. दुपारी बारापासून माझ्या खोलीत तिघं जण हेच ओरडून सांगत होते: पाणी एकदम साफ आलं, कुणी केलं, कसं केलं. मी वाद मिटवत होते. त्यातला एक शब्दही ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांची माणसं हॉस्पिटलला आली, आधी एकाची, मग दुसऱ्याची. दोघांचंही म्हणणं एकच. पलीकडच्यांनी पाण्यात विष कालवलं, एवढं मॅडमनी पेपरवाल्यांसमोर बोलावं. ट्रस्टचे सचिव मला बाजूला घेऊन म्हणाले, "रजिस्टरमध्ये शून्य आहे ना? मग आपल्यावर काही येत नाही. टाकीवाल्याचं टाकीवाला बघेल."

सोपं होतं. खरंच सोपं होतं. दोन पोरींचं शिक्षण या पगारावर चाललं होतं. पण वर्ध्याच्या आयसीयूत पडलेले नत्थूजी डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"साहेब, तो शून्य मी सकाळी सहाला लिहिलाय," मी म्हणाले. "दुपारची टेस्ट झालीच नाही."

डॉक्टरांना तेच सांगितलं, चौकशीत तेच लिहून दिलं. कपाटवाल्यांना आणि छत्रीवाल्यांनाही तेच सांगितलं. माझी चूक कुणाच्याच कामाची नव्हती, म्हणून दोघंही परत फिरले. ट्रस्टने मला दीड महिना घरी बसवलं. मधल्या काळात निवडणूक झाली, कोणीतरी निवडून आलं. मी मत द्यायला गेले नाही, त्याची आता लाज वाटते.

पाचही जण वाचले. रक्ताच्या बाटल्या लागल्या. नत्थूजी अकरा दिवस वर्ध्याला होते. मी कामावर परतले त्या मंगळवारी ते बेड तीनवर होते, निम्मे झालेले. नवीन कोळसा बसला होता. मी पट्टी बुडवली, रंग पाहिला, मग लिहिलं. सुया घेऊन त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी फिस्टुलाचा हात, म्हणजे ऑपरेशन करून जाड केलेल्या शिरेचा हात, पांघरुणाखालून काढला नाही.

"त्या दिवशी तुमी तपासलंच नवतं म्हनते," ते म्हणाले. "खरं हाय?"

खोलीत सगळे ऐकत होते. मालूबाई, गुलाबरावजी, सगळे.

"खरं आहे," मी म्हणाले. "नव्हतं तपासलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मायाही नव्हती. एका माणसाला दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही, एवढंच होतं. मग पांघरूण सरकलं आणि हात माझ्यापुढे आला.

"लावा," ते म्हणाले.

नवीन टेक्निशियन शिकायला येतात तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट आधी सांगते: रजिस्टर आधी भरून ठेवू नका, रिकामं राहिलं तर फार तर बोलणी खावी लागतात.