मंगलच्या सुपारीला मी गेलो नाही

आधी माफी मागतो. लिहिणं हे ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात कपाट होतं, पण त्यात चादरी असायच्या. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच, त्यामुळे माझं वाक्य चुकलं तर सांगणारं कुणी नाही. तरी लिहितो आहे. कारण गावाकडे माझी एक गोष्ट सांगतात, की सख्खा भाऊ असून बहिणीच्या सुपारीला आला नाही, दिल्लीची हवा लागली. गोष्ट खरी आहे. फक्त ती सांगायचा हक्क माझाही आहे. गावात राहिलेल्यांनी वाचावी, आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांनीही.

मी घर सोडलं ते दिल्लीसाठी नव्हे, पानिपतसाठी. आबा, म्हणजे माझे वडील, जालन्याच्या आसपासच्या आठवडी बाजारांत चादरी आणि ब्लँकेटं विकायचे. माल पानिपतचा, पण मधे दोन व्यापारी. बारावी झालेला पोरगा तिकडेच नेऊन बसवला तर माल थेट येईल, असं आबांनी ठरवलं. मला विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

एसटी स्टँडवर सोडायला आलेल्या लोकांत चहावाला होता. तो म्हणाला, "पानिपतला निघालास व्हय? आपले लोक गेलेत तिकडं. अजून परत यायचेत." सगळे हसले. आबा म्हणाले, "हा लढायला नाही चालला, माल बघायला चाललाय." माय खिडकीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "पोटभर जेवत जा. अन् कुणी काही म्हणलं की लगेच हो म्हणू नको." मंगल तेव्हा नववीत होती. गाडी सुटताना ती ओरडून म्हणाली, "दादा, तुझ्या खोलीतला टेबल मी घेतला." मी म्हणालो, "विचारलंस का?" ती म्हणाली, "सांगितलं ना आता."

पानिपतला मी एका लालाजींच्या गोदामात राहिलो. तिथे परदेशातून जुने कोट-स्वेटर गाठोड्यांनी यायचे, ते फाडून, पिंजून त्याच लोकरीची ब्लँकेटं व्हायची. नाकातोंडात सतत तंतू. लालाजी मला 'ओए मराठे' म्हणायचे. मोकळं होत होतं सगळं त्या वर्षांत, बाहेरून माल येत होता, बाहेर माल जात होता, आणि लालाजींना दिल्लीत ट्रकांवर माल चढवून देणारा आपला माणूस हवा होता. मला त्यांनी दिल्लीला धाडलं. राहायला दिला द्वारकेतला, म्हणजे दिल्लीच्या कडेला नव्याने वसत असलेल्या वसाहतीतला, स्वतःचा फ्लॅट. तेव्हा द्वारकेत इमारती होत्या, माणसं नव्हती. लोकांनी पैसे गुंतवायला फ्लॅट घेऊन कुलपं लावली होती. लालाजींनी सांगितलं, "बस तू रह, बत्ती जलती दिखे, नहीं तो कोई कब्ज़ा कर लेगा." सात मजली इमारतीत संध्याकाळी तीन-चार खिडक्या उजळायच्या, त्यातली एक माझी. पाण्याचा टँकर आला की आम्ही तेवढे लोक बादल्या घेऊन खाली भेटायचो.

सकाळी ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम आणि संध्याकाळी कॉलेज, असं मी स्वतःच ठरवलं. घरी आधी कळवलं नाही. कळवलं तेव्हा आबा फोनवर म्हणाले, "तुला माल बघायला पाठवलं, पुस्तकं बघायला नाही." पण माल वेळेवर येत होता. म्हणून त्यांनी परत बोलावलं नाही.

कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या मॅडमनी आम्हाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची ओळख करून दिली. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आमच्या घरी कुणाला ते उच्चारता येणार नाही. तो एका घड्याळजीचा मुलगा होता, धड शाळेत गेलेला नव्हता, हे ऐकल्यावर मी वाकून बसलो होतो तो ताठ झालो. पोरवयात एकदा फिरून यायला उशीर झाला, शहराचे दरवाजे बंद झाले होते, आणि तो घरी परत गेलाच नाही. पुढे त्याने लिहिलं की माणसावर राज्य चालायचं तर ते त्याच्या संमतीनेच चालावं. ज्या करारात मला कुणी विचारलं नाही तो मला बांधत नाही. मुलाला पाठांतराने कोंबू नये, त्याला वस्तूंतून, चुकांतून शिकू द्यावं, हाताचं एक काम यावं म्हणजे तो कुणाचा मिंधा राहणार नाही. त्याची पुस्तकं जाळली होती म्हणे.

मी हे सगळं मंगलला सांगायचो. रविवारी एसटीडी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन लावायचा, दुकानदार हाक मारणार, ती पळत येणार. आधी घरचं, मग ती विचारायची, "काय म्हणतोय तुझा घड्याळजीचा?"

"म्हणतो की बारा वर्षांपर्यंत पोराला पुस्तकच देऊ नये."

"मग आपल्या आख्ख्या गावानं त्याचं वाचलेलं दिसतंय."

अशी ती. पण एकदा थांबून म्हणाली, "पोराला म्हणतोस सारखं. पोरीला काय द्यायचं ते लिहिलंय का?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला. माझी हिंदी तेव्हा गोदामातली होती. म्हटलं, "मॅडम, इसमें लड़कियों से भी पूछते हैं क्या?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "आख़िरी हिस्सा पढ़ के आओ, फिर पूछना."

इंग्रजी पुस्तक, शब्दकोश शेजारी घेऊन, रिकाम्या इमारतीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी शेवटचा भाग वाचला. मुलाला मोकळं वाढवायचं असं शेकडो पानं सांगून झाल्यावर त्याने त्या मुलासाठी एक मुलगी तयार केली होती. तिचं शिक्षण कशासाठी? त्याला आवडावी, त्याचं घर सांभाळावं, त्याचा राग सोसावा, यासाठी. मला वाटलं, अरे, हा तर आमच्या गावचा निघाला. दरवाजे बंद झाले म्हणून स्वतः पळालास ना बाबा, मग तिच्यासाठी दरवाजा कोण लावतंय?

पुढच्या तासाला मी मॅडमना आमच्याकडची सुपारी समजावून सांगितली. लग्न ठरतं तेव्हा दोन्हीकडचे पुरुष सतरंजीवर समोरासमोर बसतात. मुलीचे वडील, शेजारी मुलीचा भाऊ, समोर पाहुणे. मोठी माणसं बोलतात, देणंघेणं ठरतं, सुपारी फोडतात. फुटली की सोयरीक पक्की, मग कुणी मागे फिरत नाही. त्यानंतर आतून मुलीला बोलावतात, कुंकू लावायला. म्हणजे करार झाल्यावर. मी म्हणालो, "मॅडम, इस आदमी ने भी वही किया. लड़की को बाद में बुलाया."

मॅडमनी विचारलं, "तुम इससे नाराज़ हो या अपने पिताजी से?"

"दोनों से."

"अच्छा. तो यही लिखो. डरना मत."

मी लिहिलं. आणि त्याच हिवाळ्यात आबांचा गोदामावर फोन आला. आबा स्वतः कधी फोन करत नसत. म्हणाले, "मंगलचं जमलंय. पुढच्या शुक्रवारी सुपारी. तू पाहिजेस."

"मंगलला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? पोरगा तालुक्याला कृषी केंद्रात आहे. निर्व्यसनी आहे. घर चांगलं आहे."

"आबा, बारावीनंतर तिला कॉलेजात जायचंय. ती माझ्यापेक्षा हुशार आहे."

"तू शिकतोयस तेवढं आपल्या घराला बास झालं."

हे वाक्य माझ्या अंगात अजून आहे. माझं शिकणं त्यांनी तिच्या दारावर कडीसारखं लावलं होतं. एका घरात एक शिकला, विषय संपला. मी म्हणालो, "तिला विचारल्याशिवाय सुपारी फुटणार असेल तर मी त्या सतरंजीवर बसणार नाही."

"लोक विचारतील, भाऊ कामून नाही आला."

"खरं सांगा."

आबा म्हणाले, "तुझ्या चुलत्याचा पोरगा बसवतो तुझ्या जागी," आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मंगल फोनवर आली. तिने ऐकलं होतं सगळं. मी म्हटलं, "आलो तर भांडेन. पण भांडूनही मला त्यांच्यात बसावं लागेल, अन् मग लोक म्हणतील, भाऊ होता की, त्याच्यासमोर फुटली."

ती म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे? चुकलं का माझं?"

"बरं म्हणजे बरं. तू येऊ नको."

मग तिचं फोनवर येणं बंद झालं. मी लावायचो, दुकानदार म्हणायचा, बोलावतो, आणि कुणी यायचं नाही. शुक्रवार गेला. पुढचे कितीतरी रविवार तसेच. माझ्यासोबत यूपीएससीची पोरं राहायला आली होती तोवर, परभणीची, लातूरची. एकजण मला म्हणाला, "यार, तू तिकडं जाऊन हात धरायला पाहिजे होता आबांचा. इथून तत्त्वज्ञान सांगणं सोपं आहे." त्याचं म्हणणं मी टाकून दिलं नाही. तिच्या बाजूने बोलणारा घरात एकटा मी, आणि मीच बैठकीला नव्हतो. पण दर वेळी त्या सतरंजीवर स्वतःला बसवून बघायचो, मान खाली, समोर पानाचं तबक, आणि प्रत्येक वेळी उठून यायचो. गप्प बसणं म्हणजेच आमच्याकडे होकार असतो. तो मला द्यायचा नव्हता.

त्या घड्याळजीच्या पोराला शहरं आवडत नव्हती. शहरात माणूस बिघडतो, गावात निसर्गाजवळ तो चांगला राहतो, असं त्याचं मत. इथे मी त्याचं अजिबात ऐकत नाही. आमच्या गावात निसर्ग पुष्कळ होता आणि त्याच्या सावलीत कोण कुठे बसणार तेही पक्कं होतं. द्वारकेत सावली नव्हती, नवी लावलेली झाडं गुडघ्याएवढी होती. पण टँकरखाली बादली धरताना मला कुणी विचारलं नाही, तू कुणाचा. आता इथे मराठी कुटुंबं बरीच आहेत, पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली. त्यांच्या मुलांना 'सोयरीक' हा शब्द कळत नाही. त्यांच्या आयांना याचं वाईट वाटतं, मला सांगतात, जरा शिकवा हो यांना. मी शिकवतो. पण हा एक शब्द कळला नाही तर मला तितकं वाईट वाटत नाही.

त्या शुक्रवारची बातमी शेवटी पुढच्या पावसाळ्यात आणली ती सुरजीत नावाच्या ड्रायव्हरने. लालाजींचा माल घेऊन तो मराठवाड्यात जायचा, आबांच्या दारात गाठोडी उतरवायचा. एका दुपारी गोदामात ट्रक लावून तो उतरला, हातपाय धुतले, आणि मला बघून म्हणाला, "तेरी बहन की तो बड़ी बातें हो रही हैं उधर."

मी म्हटलं, "शादी हो गई?"

"कहाँ की शादी." तो ट्रकच्या फळीला टेकला. "तेरे बाप ने खुद बताया, चाय पे. बोला, सारे आदमी आके बैठ गए, सुपारी रखी, तेरी जगह खाली. तेरे चाचे का लड़का जूते उतार रहा था बैठने को. अंदर से तेरी बहन आई और वहाँ बैठ गई. तेरी जगह पे. बाप के बराबर में."

मी हातातली पावती खाली ठेवली.

"मेहमान बोले, बेटी, अभी नहीं, बाद में बुलाएँगे. वो बोली, बाद में तो कुछ बचेगा नहीं पूछने को. बोली, मेरा भाई आता तो यहाँ बैठके मेरी तरफ से हाँ करता. वो नहीं आया. तो अपनी तरफ से मैं बोलती हूँ, मुझे अभी पढ़ना है. रुक सकते हो तो रुको."

"फिर?"

"फिर क्या. चाय पी के चले गए मेहमान."

"और आबा? बाबूजी ने क्या किया?"

सुरजीतने थोडा विचार केला, जणू हे नीट सांगायला हवं. "यही तो मैंने भी पूछा. मैंने कहा, उठाया क्यों नहीं आपने? बोला, मेरे बगल में बैठ गई थी. बगल वाले को कैसे उठाता." मग तो म्हणाला, "गुस्सा है अभी भी, तेरा नाम नहीं लेता. पर सुबह लड़की कॉलेज जाती है, बस से. मैंने देखी, माल उतर रहा था तब निकली."

मी त्याला चहा पाजला, आणि संध्याकाळी कॉलेजला गेलो.

घर म्हणजे काय, असं इथे राहणाऱ्या सगळ्यांना कधीतरी विचारलं जातं. मी बराच काळ म्हणायचो, जिथे माझी जागा राखून ठेवलेली आहे ते. आता तसं म्हणत नाही. त्या घरात आबांच्या शेजारी माझी जागा नाही, ती भरली आहे, आणि जी बसली आहे तिला कुणी बसवलेलं नाही. म्हणून ते घर मला पूर्वीपेक्षा जास्त माझं वाटतं. मी जाईन तेव्हा दाराशी बसेन.